फिट्टंफाट

"हॅलो... हॅलो... माईक टेस्टिंग," असं वरून कोणीतरी ओरडलं आणि पुष्पाच्या हातातली नागलीची भाकर तव्यावर वाकडी पडली.

वरून म्हणजे तुषारच्या नव्या घराच्या स्लॅबवरून. तिथं कर्णा बांधला होता आणि त्याचं तोंड नेमकं पुष्पाच्या चुलीकडे होतं. ऐन आवणीचे दिवस. भाताचं रोप लावणीला आलेलं, खाचरात चिखल तयार, माणसाला पाठ सरळ करायला सवड नाही, आणि अशा वेळी तिच्या धाकट्या दिरानं काय काढलं, तर अख्ख्या पाड्याचे आभार मानायचं! मुहूर्त कोणा भटानं काढला असता तर त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. मुहूर्त काढला होता नाशिकच्या कारखान्यानं. तुषार तिथं सुपरवायझर. त्याला सुट्टी मिळाली ती ह्या रविवारची, म्हणून पाड्यानं आपले आभार घ्यायला ह्याच रविवारी हजर राहायचं.

दारासमोर बॅनर टांगला होता, जव्हारहून छापून आणलेला. 'ऋणनिर्देश व कृतज्ञता सोहळा.' मधोमध तुषार, हात जोडलेले, डोळ्यांवर काळा गॉगल. खाली कोपऱ्यात थोरल्या भावाचा, म्हणजे पुष्पाच्या नवऱ्याचा, सखाचा फोटो. तो आधार कार्डावरून उचललेला होता, त्यामुळे सखाला कोणीतरी नुकतंच धरून आणलंय असं वाटत होतं.

"आत्या, बघितलंस का, तुझ्या धाकट्यानं काय टांगलंय ते?" पुष्पानं सासूला विचारलं.

राही म्हातारी उंबऱ्यात बसून तंबाखू मळत होती. तिनं मान वर करून बॅनर नीट न्याहाळला. "हात जोडलेत. मतं मागतोय का?"

"आभार मानतोय."

"मग डोळे कशाला झाकलेत?"

पुष्पानं वाकडी भाकर उलटली. खरं तर घरात ही आभारांची साथ शिरली ती तीन दिवसांपूर्वी, तुषारची बायको वर्षाली पाऊल टाकून आत आली तेव्हापासून. वर्षाली गुणाची पोर, त्यात वाद नाही. आपल्याच जातीतली, पण नाशिकच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. पाण्याचा तांब्या दिला, थँक्यू ताई. भाकर वाढली, थँक्यू ताई. अंगणातली कोंबडी हुसकली, थँक्यू ताई! पहिल्या दिवशी पुष्पा लाजली. दुसऱ्या दिवशी तिला आपण खोडाळ्याच्या हॉटेलात कपबशा विसळायला आहोत असं वाटलं. तिसऱ्या दिवशी तिचं टाळकंच सरकलं. आपल्याच घरातलं पाणी प्यायचं आणि आपल्याच माणसाच्या हातात पावती फाडून द्यायची, ही कुठली रीत? राही म्हातारीनं मात्र ती रीत लगेच उचलली. सकाळी कोंबडीखालचं अंडं काढताना ती कमरेत वाकून कोंबडीला म्हणाली, "ठँकू हां, बाय." कोंबडीनं तिला चोच मारली.

पुष्पाच्या माहेरी, जामसरकडे, आणि इथं सासरीही ह्या कामाला शब्द लागला नव्हता कधी. शेजारणीनं मूठभर मीठ दिलं, तर चार दिवसांनी तिच्याच दारात जाऊन हक्कानं दोन मिरच्या मागायच्या. मागायला गेलं नाही तर तीच विचारायला यायची, "काय गं, राग धरलास का?" घेतलेलं लक्षात आहे हे पुन्हा मागूनच कळवायचं. ज्याच्याकडे मागायला जायचं थांबलं, त्याच्याशी संपलं.

तेवढ्यात तुषार आला. नवा कुर्ता, पायात मोजे. ह्या चिखलात मोजे!

"वैनी, नारळ फोडायचे नाहीत हां. अख्खेच द्यायचेत, शालीबरोबर."

"तुषार, मी तुला कालपास्नं सांगत्येय. हे आज नको. उद्या आपल्या खाचरात सावड हाय. लोकांना आज त्यांच्या चिखलात असू दे. तुझं काय ते दसऱ्याला कर."

"दसऱ्याला ऑर्डरी असतात, सुट्टी मिळत नाही. आणि वैनी, उन्हाळाभर ह्या लोकांनी माझं घर उभं केलं. खडी वाहिली, वाळू वाहिली. मी काय दिलं त्यांना? वरण-भात!"

"आणि बोंबील. बोंबील विसरू नको."

"तेच म्हणतोय मी. माझ्या मनावर ओझं आहे त्याचं. आमच्या ट्रेनिंगला एक मॅडम आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ज्याचं ऋण असेल त्याला तोंडानं सांगा. सांगितलं की हलकं वाटतं."

"तुला हलकं व्हायचंय?"

"कोणाला नाही व्हायचं?"

"मला नाय व्हायचं!" पुष्पानं उलथणं आपटलं. "अरे, ते ओझं हाय म्हणून तर उद्या तुकाकाका माझ्या चिखलात उतरणार. मग मी त्याच्या चिखलात उतरणार. तू हलका होशील आणि नाशिकला जाशील. खाचर मला लावायचंय."

तुषार हसला. शिकलेला माणूस न शिकलेल्या माणसाकडे बघून हसतो तसा, प्रेमानं, आणि म्हणून पुष्पाला ते हसू जास्तच लागलं. पण ती उगीच बोलत नव्हती. पाड्याची सावड म्हणजे एकमेकांच्या शेतात फिरून काम. आज सगळे तुझ्याकडे, उद्या सगळे माझ्याकडे. सुरुवात दरवर्षी सखाच्या खाचरापासून, कारण ते ओहोळाला लागून. दोन दिवस उशीर झाला आणि ओहोळ फुगला, की तिथं रोप टिकत नाही, आणि वर्षाचा भात तिथंच पिकतो. सखाच्या आज्यापासूनचा हा पहिला मान कोणी कागदावर दिलेला नव्हता. उन्हाळ्यात घर बांधायलाही लोक आले ते सखाच्या तोंडाकडे बघून. तुषारला त्यातले निम्मे लोक नावानं ठाऊक नव्हते.

"वैनी, एक सांगू?" तुषारचा आवाज खाली आला. "मी आश्रमशाळेत होतो ना, तेव्हा पावसाळ्यात तुकाकाका मला पाठुंगळी घेऊन ओहोळ पार करून द्यायचा. पाणी त्याच्या छातीला लागायचं. मी पलीकडे उतरून सरळ चालायला लागायचो. कधी मागं वळून एक शब्द बोललो नाही. आता रात्री आठवलं की मला लाज वाटते."

पुष्पाचा राग अर्धा तिथंच विरघळला. पोरगा खोटं बोलत नव्हता. ती लग्न होऊन आली तेव्हा हा शेंबडा होता, हिच्या पदराला नाक पुसायचा. त्याचेही कधी आभार मानले नव्हते म्हणा.

"कर बाबा, काय करायचं ते," ती म्हणाली.

आता उरलेल्या अर्ध्या रागाबद्दल बोलायचं तर त्यात पुष्पाही काही धुतल्या तांदळाची नव्हती. आदल्या संध्याकाळी तुषारनं तिला विचारलं होतं, कोण कोण कामाला होतं, कोणाची नावं घ्यायची. पुष्पानं सगळी घडाघडा सांगितली. आणि एक गिळलं. जयवंतीचं.

जयवंती म्हणजे सखाच्या चुलतभावाची बायको. बांधावरच्या आंब्यावरून दोन्ही घरांत वाजलेलं होतं. तो आंबा कोणाचा ह्याचा निकाल दोघींच्या सासवांना लावता आला नव्हता, त्यांच्या सासवांनाही नाही. ह्या वर्षी कैऱ्यांच्या दिवसांत दोघींनी बांधावर उभं राहून एकमेकींच्या माहेराचा उद्धार केला होता. पण आंबा आंब्याच्या जागी. मे महिन्याच्या उन्हात टँकर आला नाही तेव्हा नवा स्लॅब भिजवायला विहिरीवरून डोक्यावर हंडे आणले ते जयवंतीनं. रोज, सकाळ-संध्याकाळ, शिव्या देत देत. पुष्पाला हे पुरतं ठाऊक होतं. तरी नाव घशाखाली गेलं, आणि गेल्यावर तिला बरंही वाटलं. खोटं कशाला बोला!

दुपारी माणसं जमली. खाचरातून उठून आलेली, पोटऱ्यांपर्यंत चिखल. इरली आणि प्लास्टिकचे कागद दाराबाहेर रचून ती आत आली, आणि समोर पांढऱ्या खुर्च्या बघून उभीच राहिली. ह्या घराची जमीन त्यांनीच चोपलेली, पण आता बसायचं कुठं ते त्यांना सांगावं लागलं. जो तो खुर्चीच्या कडेवर टेकला.

शाळेतले गुरुजी सूत्रसंचालनाला होते. "अतिथी देवो भव!" असं त्यांनी खणखणीत आवाजात सुरू केलं, तेव्हा अतिथींनी मागं वळून अतिथी कुठं आहेत ते बघितलं. मग गुरुजींनी कृतज्ञता ह्या मूल्याचं महत्त्व सांगितलं. मग मंडपवाल्याचे आभार मानले. मग लाईट गेली, म्हणून जनरेटरवाल्याचे मानले. जनरेटरवाला त्या वेळी डिझेल आणायला गेला होता. बाहेर पाऊस पडवीच्या पत्र्यावर बदाबदा पडत होता, रोप वाट बघत होतं, आणि आत गुरुजी 'ज्ञात-अज्ञात हातां'पर्यंत पोचले होते.

"माननीय श्री. तुकाजी यांनी मंचावर यावं."

कोणी उठेना. तुकाकाकाला आपण तुकाजी आहोत हे शेजाऱ्यानं ढोसल्यावर कळलं.

"मी? कशापायी? मी काय केलं?" तो घाबरून उठला.

त्याच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. तुषारनं वाकून पाय धरले. माईकवर त्याचा आवाज कापत होता. "काका, तुम्ही मला पाठीवरून ओहोळ पार करून दिलात. मी तुमचा आयुष्यभर आभारी आहे."

आजवर तुकाकाकाला ह्या पोरानं 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. पाड्यात कोणीच म्हणत नव्हतं. म्हाताऱ्यानं इकडं तिकडं बघितलं, कोणी सोडवायला येतंय का म्हणून. मोबाइल धरलेली वर्षाली म्हणाली, "काका, स्माईल." काकानं नारळ पोटाशी धरून खाली मान घातली. तसाच फोटो निघाला.

मग एकेक नाव. जिव्या सुतार, बुध्या, चैती. शाली निळ्या, शाली लाल. चैतीला निळी मिळाली, तिनं लालकडे बघितलं, लालवालीनं आपली शाल चाचपून ती पातळ असल्याचं जाहीर केलं. पुष्पा मागं भाताच्या पातेल्याजवळ उभी होती. तिच्यापुढं जिव्या आणि बुध्या खांद्यावर शाली घेऊन येऊन बसले, आणि त्यांचं बोलणं तिच्या कानावर आलं.

"ही अशीच शाल मागच्या गुरुजीला दिली होती ना?" जिव्या म्हणाला.

"हां. बदली झाली तवा. आन त्या फॉरेस्टवाल्या साहेबाला. आन ती दवाखान्यातली सिस्टर गेली तिला."

"त्यांतलं कोणी परत आलं का?"

"कुठलं येतंय! शाल दिली म्हंजे जा आता. निरोप असतो तो."

"मग आपण कुठं चाललो?"

बुध्यानं जरा विचार केला. "आपण नाय चाललो. तो चाललाय. आपल्याला सोडून. फिट्टंफाट करून."

पुष्पाचा डाव पातेल्यातच राहिला. धावत जाऊन माईक हिसकावून घ्यावा असं तिला वाटलं, पण माईकवर काय बोलायचं? 'तुमचे आभार मानलेले नाहीत, गैरसमज नसावा' असं? शाली वाटून झाल्या होत्या. समोर पाड्यातली सगळी कर्ती माणसं सत्कार होऊन बसली होती, लालनिळी, गप्प, बस चुकल्यासारखी.

एक खुर्ची तेवढी बिनशालीची होती. जयवंतीची. ती पहिल्या रांगेत बसली होती. धुवट लुगडं नेसून, केसांना तेल लावून आलेली. प्रत्येक नावाला तिनं पदर सारखा केला होता. शेवटचं नाव झालं, टाळ्या झाल्या, आणि गुरुजी म्हणाले, "अनवधानाने कोणाचं नाव राहिलं असल्यास क्षमस्व."

सगळी डोकी जयवंतीकडे वळली आणि मग तिथून, अगदी सरळ, पुष्पाकडे. अनवधान कोण ते पाड्याला विचारावं लागलं नाही.

राही म्हातारी पुटपुटली, "खाल्लीस का गं माती?"

पुष्पाला वाटलं, आता जयवंती तोंड उघडणार. जयवंती उठलीही. पण ती सरळ पंगतीत गेली आणि मांडी ठोकून बसली. "वाढ गं पुष्पे," ती मोठ्यानं म्हणाली. "पोटात कावळे कोकलतायत." भात घेतला, डाळ घेतली, परत घेतली. "लोणचं कुठाय? घरात हाय की नाय? आण ते. हात आखडू नको." काय ही बया! नाव नाही घेतलं तरी शरम म्हणून नाही, असं पुष्पा मनात म्हणाली, आणि लोणच्याची बरणी आणायला गेली.

बाकीचे कसे जेवले म्हणता? पाहुण्यांसारखे. "नको, पुरे," म्हणत. तुकाकाका, जो ह्या घरात येताना अंगणातूनच "पुष्पे, तंबाखू काढ!" म्हणून हाळी द्यायचा, त्यानं पान आपण होऊन उचललं. जाताना दारात थांबला. खांद्यावरची शाल त्यानं घडी करून काखेत धरली होती. त्यानं पुष्पाला हात जोडले.

"बरं झालं जेवण. आभारी हाय," तो म्हणाला.

"काका, तंबाखू घेऊन जा की," पुष्पा म्हणाली.

"नको. हाय माझ्याकडं."

त्याच्याकडे नव्हती. कधीच नसायची. पुष्पा त्या भिजल्या पाठीकडे बघत राहिली.

दिवस मावळायच्या आत सखा पाड्यात जाऊन आला. उद्या उजाडता खाचरात या, एवढंच सांगायला. दरवर्षी ह्या कामाला त्याला एक विडी ओढण्याइतका वेळ लागायचा, कारण सांगण्याची गरजच नसायची. आज तो बऱ्याच वेळानं आला आणि पाय न धुताच बसला.

"काय म्हणाले?" पुष्पानं विचारलं.

"चहा दिला."

"कुणी?"

"सगळ्यांनी. खुर्ची दिली. जिव्यानं तर टॉवेलानं पुसून दिली."

"आन उद्याचं?"

"तुकाकाका म्हणाला, सखा, आता आपलं काय राहिलं नाय. तुझ्या भावानं समद्यांसमोर फेडलं. उगा उपकार नको. उद्यापास्नं आमची सावड आमच्याकडनं सुरू करतो. तुम्हाला मजूर परवडतील." सखा जमिनीकडे बघत होता. "रागानं नाय बोलला. रागानं बोलला असता तर मी भांडलो असतो."

तुषार आतून धावत आला. "म्हणजे काय? मी मान दिला त्यांना! मी त्यांचा अपमान केला का?"

"मान दिलास ना," राही म्हातारी म्हणाली, "मान मोकळी करून घेतलीस आपली."

"आई, मी मनापासून..."

"ते दिसलं रे. मनापास्नं केलंस म्हणून तर त्यांना पटलं. नुसता गुरुजी बोलला असता तर कोण ऐकत होतं?"

तुषारनं मोबाइल काढला. मोखाड्याला मजुरांसाठी फोन, खोडाळ्याला फोन, वांगणीकडच्या कोणा मुकादमाला फोन. आवणीच्या दिवसांत मजूर! प्रत्येक जण आपापल्या चिखलात. जे नव्हते ते वसई-भिवंडीला. शेवटी मोबाइल खिशात घालून तो वहिनीसमोर उभा राहिला. चेहरा शाळेतून पळून आल्यावर व्हायचा तसा झाला होता.

"वैनी, आय ॲम सॉरी."

"आता हा दुसरा मंत्र!" पुष्पा कडाडली. "घरात काय पुस्तकच आणलंय का रे? तुझ्या सॉरीनं रोपाची एक चूड लागणार नाय. पँट हाय का दुसरी? उद्या चिखलात ये."

वर्षाली दारात उभी राहून रडत होती. तिला पाणी कोणी द्यावं ह्याची पंचाईत झाली होती, कारण दिलं तर ती काय म्हणेल हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी सखानं तांब्या तिच्यासमोर ठेवला आणि तो पटकन बाजूला झाला.

पुष्पा भांडी घासायला बसली. तिला तुषारचा राग होताच, पण त्याच्याखाली दुसरं काही टोचत होतं. तुषारनं शाल देऊन माणसं घालवली. आपण शाल न देऊन घालवली. जयवंती उद्या येणार नाही, तर ते तुषारमुळं नव्हे.

सकाळी ओहोळ चढलेला होता. अजून खाचराच्या खाली, पण चढलेला. सखा, पुष्पा आणि तुषार रोप उपटायला बसले. तुषारनं कंपनीला पोट दुखत असल्याचं कळवलं होतं, आणि ते दुपारपर्यंत खरं होईल अशा रीतीनं तो वाकत होता. उपटायच्या रोपाबरोबर तो अर्धा चिखल वर आणायचा. वर्षाली बांधावर छत्री धरून उभी होती. मग तिला आपली लाज वाटली, तिनं छत्री मिटली, सलवार खोचली आणि खाली उतरली. पहिल्याच पावलाला तिचा पाय आत गेला तो निघेना. पलीकडच्या अंगाला, वरच्या खाचरात, तुकाकाकाकडे सगळा पाडा वाकलेला दिसत होता. तिकडून हसण्याचा आवाज येत होता. इकडं कोणी बघत नव्हतं.

चौघांच्यानं हे खाचर व्हायचं नाही, हे चौघांनाही कळत होतं. वर्षाचा भात डोळ्यांसमोर जाताना बघायचं म्हणजे काय ते पुष्पाला त्या सकाळी कळलं. तिच्या तोंडात शिव्यासुद्धा येईनात.

"रोप असं उपटतात होय?" मागून आवाज आला. "ह्या पोऱ्याला कोणी उतरवलं चिखलात? बाहेर काढा त्याला, समदी मुळं तोडली!"

जयवंती होती. डोक्यावर इरलं, लुगडं गुडघ्याच्या वर, आणि मागं तिचा नवरा, दोन्ही लेक, दोन्ही सुना. कोणी काही विचारायच्या आत ती चिखलात उतरलीसुद्धा.

पुष्पा तशीच वाकलेली राहिली. सरळ झाली तर डोळे दिसले असते. "तू... तुकाकाकाकडं नाय गेलीस?"

"मी कशाला जाऊ? त्यांचं मिटलं, त्यांना शाली मिळाल्या. माझं काय मिटलंय?" जयवंतीनं रोपाची जुडी बांधून धपकन मागं टाकली. "उन्हाळाभर हंडे वाहिलेत मी तुझ्या दिराच्या घराला. मान मोडली माझी. माझी बाकी हाय तुमच्याकडं, आन ती मी सोडायची नाय, सांगून ठेवत्येय. आज मी इथं, परवा तुम्ही चौघं माझ्या खाचरात. ही नाशकाची पोर पण."

"येऊ की," पुष्पा म्हणाली. "समदे येऊ."

"आन तू माझं नाव गिळलंस ते मला ठाऊक हाय, पुष्पे."

"गिळलं."

"आंब्यापायी."

"आंब्यापायी."

"आंबा आमचाच हाय. ते भांडण काय मिटलेलं नाय, ध्यानात ठेव."

"नाय मिटलं!" पुष्पा घाईघाईनं म्हणाली. "कशाला मिटंल? आंबा आमचा हाय!"

जयवंतीनं तिच्याकडे रोखून बघितलं आणि समाधानानं पुन्हा वाकली. ओळ धरली गेली. सखानं जुड्या फेकायला सुरुवात केली, जयवंतीच्या सुनांनी लावायला. अख्खं नाही, पण ओहोळाकडचं अर्धं खाचर आज निघणार होतं, आणि निम्मा भात म्हणजे उपास नव्हे. तुषार काही बोलायला तोंड उघडत होता. सखानं त्याच्याकडे एकदाच बघितलं आणि त्यानं ते मिटलं.

वर्षालीकडे मात्र कोणाचं लक्ष नव्हतं. चिखलात रुतलेले पाय कसेबसे ओढत ती जयवंतीपर्यंत पोचली होती. पोरीचे डोळे भरून आले होते, दोन्ही हात छातीशी जोडले होते, आणि तिच्या तोंडातून शब्द निघत होता, "ताई, तुमचे खरंच खूप..."

पुष्पानं हातातली जुडी टाकली, दोन ढांगांत तिथं पोचली आणि चिखलानं भरलेला अख्खा पंजा धाकट्या जावेच्या तोंडावर दाबला.

"गप, बाई, गप!" ती तिच्या कानात म्हणाली. "एवढी एकच उरलीय."